चिंधी बांधलेलं झाड

वन्यजीव विषयात एमएस्सी केलंय असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक करतो. शहरातला असेल तर डोळे मोठे करून विचारतो, "म्हणजे तुम्ही रोज वाघ बघता?" आमच्याकडचा असेल तर आधी हसतो, मग म्हणतो, "वाघाची बी डिगरी निघाली काय आता?" दुसऱ्याचा मला राग येत नाही. त्याचा बैल वाघानं नेलेला असतो, त्याला हसायचा हक्क आहे. पहिल्याचा येतो. तसा मला आता बऱ्याच गोष्टींचा राग येतो, आणि तो का येतो हे एकदा नीट सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

माझं गाव चामोर्शी तालुक्यात, जंगलाच्या कडेला. कडेला म्हणजे नकाशात. आम्हाला ते कधी कडेला वाटलं नाही. धानाची शेती, आणि शेतीत भागत नाही ते जंगलातून: मोह, तेंदूपत्ता, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब, झाडूचं गवत. बारावीला बरे मार्क पडले तेव्हा कॉलेजातल्या सरांनी मायेनं सल्ला दिला होता, "पर्यावरणात बीएस्सी कर आणि गडचांदूरकडे एखाद्या सिमेंट कंपनीत लाग. खाणीच्या खड्ड्याभोवती झाडं लावायची, फोटो काढायचे, रिपोर्ट पाठवायचा. पर्मनंट होशील." माझ्या वर्गातली काही मुलं तेच करतात. कोरपन्याला घरं बांधली आहेत. मुलं सुखात आहेत आणि खड्डाही सुखात आहे. मी सरांचं ऐकलं नाही. जंगल सांभाळायचं शिक्षण घ्यावं आणि आपल्याच जंगलात काम करावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते इतकं सरळ वाटायचं की त्यात कुठे आडकाठी येईल असं मनातही आलं नाही.

नागपूरला शिकले आणि चंद्रपुरातल्या एका संस्थेत मुलाखतीला गेले. संस्था वनविभागाबरोबर वाघांची पाहणी करायची. गडचिरोलीच्या जंगलात वाघ पुन्हा वाढू लागले होते आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांना मोजणारेही. मुलाखत इंग्रजीत झाली. जंगलाशी तुमची पहिली भेट कधी झाली, असं विचारलं. माझ्या आधीच्या मुलीनं शाळेच्या सुट्टीतली सफारी सांगितली होती. बाहेर येऊन ती तेच घोकत होती. आपल्या अंगणाशी कोणाची पहिली भेट होते का? मी म्हटलं, आठवत नाही. प्रमुख साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी खरडलं. तरीही मला घेतलं, कारण मला झाडी बोली येत होती आणि थोडीफार गोंडीही. "गावांसाठी तुमचा फार उपयोग होईल," असं ते म्हणाले.

अकरा महिन्यांचं कंत्राट होतं. दर वर्षी संपायचं, दर वर्षी साहेबांच्या मर्जीनं पुन्हा सुरू व्हायचं. पुण्याकडून, बंगळूरकडून आलेली मुलं दुर्बिणी गळ्यात घालून जीपमधून जंगलात जायची आणि मी ऑफिसात बसून झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत आपोआप निघालेले फोटो निवडायचे. चितळ, रानडुक्कर, अस्वल, माणूस, रिकामा. माणूस आला की त्यापुढे 'अवैध प्रवेश' असं लिहायचं. आमच्या बायका डोक्यावर टोपली घेऊन त्या फोटोंमधून जायच्या. मी लिहायचे, अवैध प्रवेश. पोट कोणाला चुकलंय? मधूनच गावांत चौकशीचे तक्ते भरायला पाठवायचे, "तुम्हाला त्यांची भाषा येते ना." त्यांची. मी प्रत्येक वेळी हा शब्द ऐकायचे आणि गिळायचे.

आता माझ्या बहिणीबद्दल. सख्खी नाही, काकाची मुलगी, पण एका अंगणात वाढलो. काका लवकर गेला. घर काकीनं ओढलं. ही माझ्यापेक्षा बरीच लहान, मला 'बाई' म्हणते, आणि मी एमएस्सी होऊन काय दिवे लावले ते बघून तिनं तेव्हाच ठरवलं होतं की आपण एवढं शिकायचं नाही. "तू जंगलाचे फोटो पाह्यतं बाई, मले जंगलात राह्यचं हाये," असं म्हणाली. वनरक्षक व्हायचं होतं तिला. खाकी अंगावर, हातात काठी, आपल्या नावाची बीट, म्हणजे राखायला दिलेला जंगलाचा तुकडा. ती वर्षभर पहाटे चामोर्शीच्या डांबरी रस्त्यावर धावली. गावातले रिकामे लोक पुलावर बसून विचारायचे, "काऊन वं, वाघ लागला का मांगं?" ती धावता धावताच उत्तर द्यायची, "लागला असता तं तुमच्याकडंच धाडला असता." लेखी परीक्षा झाली, धावणं झालं, उंची मोजून झाली आणि निवड यादीत तिचं नाव लागलं. गावातली पहिली वनरक्षक. काकीनं आठवडी बाजारात एका शिंप्याला विचारूनही ठेवलं होतं की खाकी पॅन्ट बाईच्या मापाची शिवता येते का. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. त्यात काय असतं, असं सगळे म्हणाले.

पुढचं कळण्यासाठी आमच्या मोहाची रीत सांगावी लागेल. जंगलातल्या मोहाला सातबारा नसतो, पण प्रत्येक झाड कोणाचं ते गावात पक्कं ठाऊक असतं. फुलं पडायच्या आधी घरची बाई झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवते आणि जुन्या लुगड्याची एक चिंधी बुंध्याला बांधते. चिंधी बांधली म्हणजे यंदाही आम्ही येणार आहोत, झाड आमचं. मग त्याच्याखाली फुलांचा सडा पडला तरी दुसरं कोणी वेचत नाही. आणि बांधलेली गाठ दुसऱ्यानं सोडायची नाही. ज्याची त्यानंच सोडायची. गाठ सोडणं म्हणजे तुमचा हक्क मी उडवला असं तोंडावर सांगणं. पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं आहेत आमच्याकडे, पण चिंधीला हात लावण्यापर्यंत कोणी गेलेलं मी ऐकलं नाही.

त्या वर्षी काकी आणि बहीण सकाळी मोहाला गेल्या तर काकीची चिंधी खाली मातीत पडली होती आणि तिच्या जागी बुंध्याला एक जाड पट्टा आवळलेला होता. पट्ट्यात हिरवट डबा. काकीनं डबा पाहिलाच नाही, तिनं पट्टा पाहिला. आपली गाठ सोडून कोणीतरी दुसऱ्यानं झाडाला गाठ मारली. ती तिथेच जंगलात उभी राहून पंचक्रोशीतल्या प्रत्येक घराचा उद्धार करू लागली. बहिणीनं तिला थांबवलं. परीक्षेच्या पुस्तकात तिनं असला डबा पाहिला होता. "माय, वनवाल्यायचा कॅमेरा हाये तो. फेकायचा नाई, सरकारी हाये," असं ती म्हणाली. काकी म्हणाली, "सरकारी असल तं सरकारच्या झाडाले बांध मना. हे माह्यं झाड हाये." बहिणीनं पट्टा सोडला. डबा हातात धरून पाहिला, आणि वाटेच्या पलीकडे ऐनाचं एक झाड होतं, ज्यावर कोणाचा हक्क नव्हता, त्याला तो नीट आवळून बांधला, तोंड वाटेकडे करून, चालू होता तसा चालू ठेवून. मोहाला काकीची चिंधी परत बांधली. मग दोघींनी फुलं वेचली आणि घरी आल्या.

एवढंच झालं. यात चोरी कुठे आहे, हे मी तेव्हापासून लोकांना विचारत आले आहे.

कॅमेरा तपासायला गेलेली आमची मुलं ठरलेल्या झाडापाशी गेली, कॅमेरा दिसला नाही, आणि परत आली. वाटेच्या पलीकडे मान वळवून बघायची तसदी कोणी घेतली नाही. साहेबांनी त्याच दिवशी वनविभागाच्या रेंज ऑफिसला तक्रार पाठवली की कॅमेरा चोरीला गेला. मी ऑफिसातच होते. गावाचं नाव कोणी काढलं नाही, मलाही कुठलं गाव ते कळलं नाही. त्यांच्यासाठी ती नकाशावरची फक्त एक चौकट होती, नंबर घातलेली.

रेंज ऑफिसची माणसं गावात आली आणि गोटुलाजवळ, गावाच्या बैठकीच्या जागी, सगळ्यांना बोलावून विचारलं, कॅमेरा कोणी काढला. बहीण उठून उभी राहिली. म्हणाली, "म्या काढला. झाड आमचं होतं म्हून पलीकडच्या ऐनाले बांधला. चला, दाखोतो." आमच्या गावात असंच असतं. ज्यानं केलं तो चारचौघांत उभा राहून सांगतो, आणि सांगितलं की ते मिटतं. त्यांच्याकडे सांगितलं की ते सुरू होतं, हे तिला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. ती त्यांना घेऊन गेली, ऐन दाखवला, कॅमेरा दाखवला. कॅमेरा चालू होता. त्यांनी तो काढून घेतला आणि तिचा जबाब लिहून घेतला. जबाबात चिंधीचा उल्लेख नव्हता. अवैध प्रवेश लपवण्याच्या हेतूनं सरकारी कामातलं साहित्य हलवलं, असं होतं. खाली तिची सही. वाचून दाखवलं का, असं मी नंतर विचारलं तर म्हणाली, "वाचलं ना बाई म्या. लय मोठे मोठे शब्द होते. मले वाटलं हलवलं तं हलवलंच हाये, खोटं काय हाये त्यात." वनगुन्हा नोंदवला गेला.

यातलं काहीही मला माहीत नसताना तो कॅमेरा माझ्या टेबलावर आला. मी कार्ड घातलं आणि फोटो उघडू लागले. आधी बरेच रिकामे. मग एकदम पडदाभर माझ्या बहिणीचा चेहरा. काहीही निरखताना कपाळाला आठी घालते तशी घातलेली, केस विस्कटलेले, मागे काकीचा हात. मी खुर्चीतून उठलेच. पुढचे फोटो ऐनावरून आलेले. मोर, ससा, परत मोर. आणि मग वाघीण. तिच्यामागे पिल्लं, दोन. एक पुढे बघतंय, एक थेट कॅमेऱ्याकडे. सकाळचा तिरपा उजेड. असा फोटो त्या जंगलातून आमच्या संस्थेला कधीच मिळाला नव्हता.

मला त्या क्षणी आधी आनंद झाला, हे मी लपवत नाही. त्या जंगलात पिल्लं आहेत याचा झाला. मी साहेबांना बोलावलं. सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पेढे आणायला माणूस धाडला. पुण्याकडचा एक सहकारी, ज्यानं तो कॅमेरा बांधला होता, फोटो निरखून म्हणाला, "पण हा अँगल मी लावला नव्हता." मी मागचे फोटो उघडून दाखवले आणि म्हटलं, ही माझी बहीण आहे. हिनं लावला. तिथूनच बहिणीला फोन लावला आणि तिच्याकडून कळलं ते सगळं सांगितलं, झाड, रीत, चिंधी. तो सहजपणे म्हणाला, "हो, तो कपडा मीच काढला होता. वाऱ्यानं हलून लेन्ससमोर येत होता, नुसते रिकामे फोटो आले असते." त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. त्याला तो कपडा वाटला.

मी साहेबांना म्हटलं, "सर, मग आता तक्रार मागे घ्यायची ना? कॅमेरा मिळाला, तो चालू होता, आणि फोटो तर समोर आहे." ते अजून पडद्याकडेच बघत होते. म्हणाले, "त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या कानात कुसळासारखं रुतलंय. दोन वेगळ्या गोष्टी कशा? एकच कॅमेरा, एकच कार्ड, एकाच बाईचे हात. तिनं बांधला तिथे वाघीण आली. तुम्ही बांधला होता तिथे बसून तो रिकामे फोटो काढत होता. फोटो तुमचा आणि गुन्हा तिचा, ही वाटणी कोणी केली?

मी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे गेले. कधी म्हणाले, प्रकरण आता विभागाकडे आहे. कधी म्हणाले, तक्रार मागे घेतली तर गावांत चुकीचा संदेश जाईल, उद्या सगळेच कॅमेरे हलवतील. मी म्हटलं, उद्या सगळे वनरक्षक व्हायच्या रांगेत नाहीत सर, ही आहे. तिची पडताळणी सुरू आहे, गुन्हा दिसला तर तिची नोकरी जाईल. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "तुम्ही यात भावनिक होताय. आणि तुमचं कंत्राटही याच महिन्यात नूतनीकरणाला येतंय, हे लक्षात असू द्या." हे त्यांनी अगदी मवाळ आवाजात सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रेंज ऑफिसला गेले. तिथले साहेब माणूस म्हणून बरे होते. म्हणाले, "मॅडम, तक्रारदारानं एक ओळ लिहून दिली तर मी उद्या फाइल बंद करतो. मी स्वतःहून कशी करू?" तिथे एक सोपा रस्ताही सुचवण्यात आला: गुन्हा कबूल करा, दंड भरा, तडजोड होते, मिटतं. मी घरी येऊन बहिणीला सांगितलं. तिनं विचारलं, "कबूल म्हंजे म्या चोरी केली असं?" मी म्हटलं, कागदावर तसंच होईल. ती म्हणाली, "मंग नाई." काकी चुलीपाशी बसली होती. ती कोणाकडे न बघता बोलली, "आपलीच मोरी अन् मुताची चोरी."

पडताळणीचा अहवाल गेला. गुन्हा प्रलंबित. नियुक्तीचा आदेश थांबला. बहीण रोज पहाटे धावतच राहिली, कारण नियुक्तीआधी लांब चालायची परीक्षा असते आणि सवय मोडायला नको. मला ते बघवत नव्हतं. मी तिला म्हटलंही की थोडे दिवस थांब. ती म्हणाली, "थांबलो तं माह्या पायाले वाटन का झालं आता." रुजू व्हायची मुदत गेली. प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या मुलीला बोलावलं. त्या मुलीचा काय दोष? तीही कुठल्यातरी डांबरी रस्त्यावर धावलेलीच असणार.

आणि मुदत गेल्यानंतर, भात मळणीच्या दिवसांत, रेंज ऑफिसकडून कळलं की प्रकरणात तथ्य आढळलं नाही म्हणून ते दप्तरबंद केलं आहे. आमच्या साहेबांनी ती एक ओळ लिहून दिली होती. वर्षअखेर आली होती, प्रलंबित गोष्टी निकाली काढायच्या होत्या. मला ऑफिसात बोलावून त्यांनी हे अशा चेहऱ्यानं सांगितलं की मी आभार मानावेत. "बघा, झालं ना शेवटी. संयम ठेवावा लागतो." तहान लागून माणूस मेल्यावर विहीर खणणाऱ्याचे आभार कशाचे? मी खोलीबाहेर पडले. बोलायला लागले असते तर मराठीतल्या सगळ्या शिव्या एका दमात गेल्या असत्या आणि काही गोंडीतल्याही.

बहिणीला मी फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे आता मी चोर नाई?" मी म्हटलं, नाही. "अन् वनरक्षक बी नाई."

पुढच्या भरतीत वयाची अडचण नाही, ती परत बसेल. असं सांगणारे शहाणे मला पुष्कळ भेटले. परत बसेल हो. पण भरती काय दर चैत्राला फुलणारा मोह आहे? कधी निघेल, निघाली तर किती जागा, तोवर काकीचे गुडघे राहतील का, हे कोणी सांगत नाही. मध्यंतरी आमच्याच संस्थेतून विचारणा झाली की ती मुलगी कॅमेरे चांगले बांधते, तर रोजंदारीवर येईल का. मला विचारायला सांगितलं होतं, मला भाषा येते म्हणून. मी तिला विचारलंच नाही. ती मला खायला उठली असती आणि मी तिला अडवलं नसतं.

माघात मी गावी गेले तेव्हा काकी ओसरीवर बसून एक जुनं निळं लुगडं फाडत होती. यंदाच्या चिंध्या. शेजारी बहीण बूट उन्हात ठेवत होती. तिनं धावणं सोडलेलं नाही. मी काकीला म्हटलं, मला एक दे. काकीनं वर पाहिलं. "तुले कायले? तुह्यं कोनतं झाड हाये जंगलात?"

"चंद्रपुरात आहे एक," मी म्हटलं.

काकीनं बहिणीकडे पाहिलं. बहीण बुटाची नाडी ओढत होती, ती हसली नाही, पण तिच्या लक्षात आलं असावं. काकीनं लुगड्याच्या काठाकडची, मजबूत अशी एक पट्टी फाडून माझ्या हातात दिली. "दोन गाठी मार," असं म्हणाली, "एक वाऱ्यानं सुटते."

आमच्या संस्थेच्या बैठकीच्या खोलीत आता तो फोटो लावलेला आहे. मोठा, चौकटीत, दारातून आत येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसेल असा. वाघीण, दोन पिल्लं, तिरपा उजेड. खाली संस्थेचं नाव. बाहेरून कोणी आलं की साहेब त्याच्यासमोर उभे राहून सांगतात की हा फोटो मिळवायला काय कष्ट पडले. मी तिथे बसून हे ऐकलेलं आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्याला चहा नेऊन दिलेला आहे.

कंत्राटाच्या नूतनीकरणाची बैठक त्याच खोलीत होती. आम्ही सगळे कर्मचारी भिंतीला लागून खुर्च्यांवर, समोर साहेब. माझी पाळी आली. साहेब म्हणाले, गेल्या वर्षी तुमचं काम चांगलं झालं, यंदा गावांतलं काम वाढवायचं आहे, तुमचं काही म्हणणं आहे का. मी उठले, खुर्ची ओढून फोटोखाली नेली, तिच्यावर चढले आणि काकीची चिंधी चौकटीच्या वरच्या पट्टीला बांधली. दोन गाठी मारल्या. गाठ नीट बसली. निळं टोक वाघिणीच्या कपाळावर लोंबत राहिलं. मी खाली उतरले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"झाड कोणाचं आहे ते सांगितलं," मी म्हटलं.

पुण्याकडच्या त्या सहकाऱ्यानं मान खाली घातली. त्याला समजलं, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवते. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. साहेबांनी बेल वाजवून शिपाईभाऊंना बोलावलं. ते जवळच्याच मूल तालुक्यातले, वयानं मोठे, घरी मोहाची झाडं असलेले. साहेब म्हणाले, "ते तेवढं काढा." शिपाईभाऊ चौकटीपाशी गेले. वर पाहिलं. हात अर्धा उचलला, मग खाली घेतला आणि पॅन्टला पुसला.

"गाठ हाये साहेब ते," ते म्हणाले. "ज्याची त्यायनंच सोडा लागते."

"काढा म्हणतोय मी."

"मले नाई जमत साहेब," असं म्हणून ते बाजूला सरकून उभे राहिले. आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

साहेब उठले. मी ठेवलेल्या खुर्चीवर चढले, पहिली गाठ नखानं सोडली, दुसरीशी बराच वेळ झटले आणि शेवटी चिंधी काढून घडी न करता टेबलावर टाकली. मग हात झटकून जागेवर बसले आणि पुढचं नाव पुकारलं.

त्यांच्यावर कोणताही गुन्हा नोंदवण्यात आला नाही.